खऱ्या पत्रावर काढलेल्या त्रुटी

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
फसवणूक रक्कम परतावा कक्ष,
नागपूर.

विषय : रोखून ठेवलेली रु. २,६५,००० ची रक्कम परत मिळण्याकामी चुकलेली तारीख माफ होऊन पुढील लोकअदालतीच्या यादीत नाव घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझी तक्रार, दि. ९ जून २०२५.
२) आपल्या कक्षाचे पत्र, विनाक्रमांक, विनादिनांक.
३) त्या पत्रावर मी काढलेल्या त्रुटी, माझा जावक क्र. ४१, दि. २८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी खाली सही करणार कृष्णकांत विनायक पेशकार, वय ७१, राहणार प्रताप नगर. चौतीस वर्षे सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. घरीही आवक-जावक नोंदवही ठेवतो. विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत प्रत्येक कागद तीत नोंदला जातो. सून मुग्धा याला हसते, पण तिचे गॅसचे पुस्तक हरवले तेव्हा ते नोंदवहीमुळेच सापडले. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

१. जूनमध्ये मला मोबाइलवर एक पत्र आले. अकरा वर्षे निवृत्तिवेतन जादा दिले गेले, त्याची वसुली निघाली आहे, पडताळणी होईपर्यंत रु. ४,२०,००० सरकारी अनामत खात्यात भरावेत, हिशेब बरोबर निघाल्यास तीन दिवसांत परत मिळतील, असा मजकूर होता. जादा प्रदानाच्या वसुल्या मी नोकरीत शेकड्यांनी पाहिल्या आहेत आणि त्यापायी भलेभले रडताना पाहिले आहेत, त्यामुळे घाबरलो. आणि पत्र, महोदय, निर्दोष होते. जावक क्रमांक, संदर्भ, गोल शिक्का, तळाशी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर', सगळे जागच्या जागी. इतके नीट पत्र निवृत्तीनंतर मी पाहिले नव्हते. वाचून बरे वाटले, हेही कबूल करतो. ते नोंदवहीत आवक क्र. ११४ ला घेतले आणि बँकेत जाऊन पैसे भरून आलो. पत्रावर ज्याचे नाव होते तो विभागच अस्तित्वात नाही, हे नंतर कळले.

२. मुग्धाने त्याच दुपारी माझ्या हातातली पावती पाहिली व १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, म्हणून रु. २,६५,००० पुढच्या खात्यात रोखले गेले. बाकीचे गेले ते गेले. रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते आणि त्यासाठी ओळखपत्र, पासबुकाची प्रत व बंधपत्र घेऊन नेमल्या तारखेला हजर व्हावे लागते, ही माहिती मला आता आहे. त्या वेळी नव्हती.

३. ऑगस्टमध्ये आपल्या कक्षातील हवालदार धम्मानंद यांचा फोन आला. 'काकाजी, तुमचे पैसे होल्ड झाले आहेत, पासबुकाचा फोटो धाडून द्या ना, काहून घाबरून राहिले?' लुबाडणाऱ्याच्या पत्रात 'आपण' आणि 'कृपया' याखेरीज भाषा नव्हती. मी फोन ठेवला. मग सप्टेंबरच्या लोकअदालतीला हजर राहण्याबाबत आपले पत्र आले. त्यावर जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, सहीखाली नाव नाही, शिक्का अर्धा उमटलेला, आणि माझे नाव 'कृष्णराव'. मी त्यात एकूण सात त्रुटी काढून ते नोंदणीकृत डाकेने परत पाठवले. शिवाय धम्मानंद हा तोतया आहे अशी तक्रारही केली. त्यापायी त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला, असे कळते.

४. तरीही ते स्वतः घरी आले. मी कुलूप न काढता जाळीतून ओळखपत्र मागितले. त्यांनी दाखवले. ओळखपत्र बनावट असू शकते, सबब कार्यालय प्रमुखांचे प्रमाणपत्र आणावे, आणि त्या प्रमाणपत्रावरील सही खरी असल्याचा दुसरा दाखला आणावा, असे मी त्यांना सांगितले. ते उन्हात उभे होते. म्हणाले, 'मी खराच आहो जी. आता अजून कसं पटवू तुम्हाले?' मी जाळीतून पाण्याचा पेला दिला, कुलूप मात्र काढले नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताक नोंदणीकृत डाकेने परत केले. अशा रीतीने सप्टेंबरच्या लोकअदालतीची तारीख चुकली.

५. येथवरचा मजकूर मी चार दिवसांपूर्वी लिहिला आणि येथेच सही करणार होतो. तो खोटा नाही, पण पुरा नाही. अर्धा अहवाल मी नोकरीत कधी वर पाठवला नाही, म्हणून पुढचे लिहितो.

हवालदार जाळीशी उभे होते तेव्हाच ते खरे आहेत हे मला कळले होते. लुबाडणारा दारात घाम पुसत उभा राहत नाही. पण त्यांच्या हातातल्या बंधपत्रावर दोन सह्यांच्या जागा होत्या. खाते संयुक्त आहे, पहिले नाव माझी पत्नी सौ. यमुना हिचे. पैसे काढायला एक सही पुरली, परत घ्यायला दोन लागतात. आणि तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. मुग्धाला मी गप्प राहण्याची शपथ घातली होती.

पैसे यमुनाचे होते. तीस वर्षे घरी पेटी शिकवून तिने ते साठवले. गेल्या दोन-तीन वर्षांत तिचे कान गेले. अजून चार मुली शिकायला येतात. ती त्यांची बोटे बघून चुका सांगते. दोन्ही कानांना यंत्रे घ्यायची ठरली होती, मे महिन्यात तपासण्याही झाल्या होत्या. पैसे गेल्यापासून मी तिला सांगत आलो की यंत्रे परदेशातून यायची आहेत. तिला काही सांगायचे तर ओरडावे लागते, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. आमच्या ओळीत घराला घर लागून आहे. लिहून द्यावे तर हात उचलवत नव्हता. म्हणून मी आपल्या पत्रातल्या त्रुटी काढत बसलो. मला लाज वाटते, महोदय. पैसे गेल्याची वाटली त्याहून जास्त वाटते.

६. सबब विनंती की, माझे नाव डिसेंबरच्या यादीत घ्यावे. संदर्भ क्र. ३ चे त्रुटिपत्र रद्द समजावे. हवालदार धम्मानंद यांच्याविरुद्धची तक्रार मी बिनशर्त मागे घेत आहे. त्यांच्याकडून घेतलेला खुलासा त्यांच्या सेवेच्या आड येऊ देऊ नये.

७. बंधपत्रावर माझी सही झाली आहे. दुसऱ्या सहीसाठी बंधपत्र व या अर्जाचा कच्चा खर्डा आज सकाळी पत्नीपुढे ठेवला. तोंडी सांगणे शेवटपर्यंत जमले नाही. ती आतल्या खोलीत वाचत आहे. तिची सही मिळाल्यास खाली दिसेल. न मिळाल्यास अर्ज निकाली काढावा, माझी तक्रार राहणार नाही.

आपला,
विलंबास स्वतः जबाबदार,
(सही)
कृ. वि. पेशकार

सोबत : १) बंधपत्र.
२) पासबुकाची प्रत.
३) लुबाडणाऱ्यांचे पत्र (नमुना म्हणून कार्यालयात ठेवण्याजोगे).
४) आपल्या पत्राची मी ठेवून घेतलेली प्रत.

प्रथम खातेदाराचा शेरा :

वाचले. बंधपत्रावर सही केली आहे. यंत्रे परदेशातून यायची आहेत हे मी जुलैपासून खरे मानलेले नाही. फोन वाजला की मला ऐकू येत नाही, पण यांचे तोंड दिसते. यांच्याशी काय बोलायचे ते मी घरी बोलेन. हवालदारांना एकदा चहाला पाठवावे, दार मी उघडीन. डिसेंबरात मी सोबत येते. जे विचारायचे ते माझ्याकडे बघून, मोठ्याने विचारावे.

(सही)
सौ. यमुना कृष्णकांत पेशकार