पलंगावरचं टेबल

९ नोव्हेंबर
विषय ठरला. प्रॉडक्ट डिझाइनच्या प्रकल्पात शाळेच्या शेवटच्या वर्षी वस्तू खऱ्या माणसासाठी बनवावी लागते. मी आईचं नाव दिलं. पलंगावर बसून जेवायला, वाचायला छोटं टेबल. बाई म्हणाल्या, "घरचं माणूस खोटं कौतुक करतं." आमच्याकडे ती भीती नाही.

आईचं हृदय अशक्त झालंय. पण या महिन्यात सुधारणा आहे. आई म्हणते. बाबाही म्हणतात.

१४ नोव्हेंबर
आईची मापं घेतली. मांडी, कोपर, पाठीमागची उशी. "शिंपीसुद्धा इतकं मोजत नाही गं," आई. टेबलाचे पाय चोवीस सेंटिमीटर धरले.

२ डिसेंबर
पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवलं. आई म्हणाली, अजून उंच कर. मी म्हटलं, हात अवघडतील, खांदे दुखतील. "माझ्या खांद्यांचं मी बघते." चौतीसवर थांबली! शिवाय पुढची उभी कड नको म्हणते. मग ताट घसरणार, हे कळायला डिझाइन शिकावं लागत नाही.

बाईंना विचारलं. "वापरणारा सांगेल ते आधी. तुझं गणित नंतर."

१९ डिसेंबर
भांडण झालं. मी म्हटलं, तुला बदल सुचवायचीच हौस आहे. बाबा मध्ये पडले — "तिला हवं तसं कर ना." आणि खोलीबाहेर गेले. आई म्हणाली, "पुढची बाजू गोल कर हं. टोचायला नको."

११ जानेवारी
टेबल दिलं. प्लायवूड, वर पॉलिशचे दोन हात. आईने तळहात फिरवला. "छान घासलंयस." मला फार बरं वाटलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

१२ जानेवारी
जेवताना ताट घसरलं. मी ते उचलून परत ठेवलं. आईने चादर पुसली.

६ फेब्रुवारी
डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला. दुसऱ्या शहरात, होस्टेलवर राहायचं. मी आईकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतेस? जायचंच. मी आता ठणठणीत आहे." बाबा खिडकी पुसत होते. ती स्वच्छच होती.

२१ फेब्रुवारी
अहवालात वापराने झालेली झीज नोंदवायची असते. आई अंघोळीला गेली तेव्हा टेबल उजेडात धरलं. ताटाच्या जागी पॉलिश नव्यासारखं. पुढच्या बाजूला मधोमध मात्र उडालंय — तळहाताएवढा निस्तेज गोल. दोन्हीकडे हातांचे पट्टे.

मी पलंगावर बसले. टेबलावर हात टेकवले, वाकले. कपाळ बरोबर त्या गोलावर आलं. चौतीसच हवे होते.

आई दारात उभी होती. "आडवं झालं की श्वास कोंडतो. अशीच झोपते."

"कधीपासून?"

"तू मापं घेतलीस ना, त्याच्या आधीपासून."