गादीवाल्यांना ट्रक कशाला

३ फेब्रुवारी

ट्रक घासून फाटकाचा डावा खांब पुन्हा सोलला. आज चक्क विटा दिसल्या. हे म्हणाले, "खांबच बाहेर आलाय." खांब चालत आला म्हणे! सिमेंट आणायला सांगितलंय. ट्रक काढू नका, पायी जा, असंही सांगितलंय.

५ फेब्रुवारी

दुकानाला एवढा मोठा ट्रक खरंच लागतो का, हे आज जेवताना सरळ विचारलं. आम्ही गाद्या विकतो. दगड नाही, लोखंड नाही. पूर्वी कापसाच्या गाद्या ढिगाने जायच्या, तेव्हा एक वेळ ठीक. आता फोमच्या गादीतली हवा यंत्राने काढली की तिची सतरंजीएवढी वळकटी होते. अशा दोन-चार वळकट्या त्या अवाढव्य हौद्यात खुळखुळ्यातल्या खड्यांसारख्या फिरतात. बरं, रिकामा ट्रक खड्ड्यांतून उडतो, म्हणून ह्यांनी मागे वाळूची पोती टाकून ठेवली आहेत. कायमची. म्हणजे आधी गाद्यांसाठी ट्रक, मग ट्रकसाठी वाळू, मग वाळूसाठी डिझेल.

"आणि कुणी एकदम ढिगाने गाद्या मागितल्या तर?"

"शेवटच्या कुणी मागितल्या होत्या?"

"त्या वसतिगृहाने."

"ते पाडून तिथे बँक झाली."

ह्यांनी आणखी भात वाढून घेतला. ट्रक विकू असं काही म्हणाले नाहीत.

८ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

मी घराखालच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. हे ट्रक वळवत होते. समोर शिवणकाम करणारी बाई राहते, ती डावीकडून सायकल ढकलत आली. हे थांबेचनात. मी पत्र्यावर थापा मारल्या, ओरडले, तेव्हा कुठे ब्रेक. सायकलचं पुढचं चाक वाकलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. ती हसून ह्यांना म्हणाली, "काका, मी काय डास आहे का हो?" मला हसू आलं नाही.

हे पांढरेफटक. म्हणाले, "बॉनेट इतकं उंच आहे, जवळचं माणूस दिसतच नाही."

तोंडून निघालं ना? आता मी सोडते होय! दिसत नाही, तर विका. आज वाचलो. उद्या कुणाचा तरी जीव जाईल, आणि तो आपल्या हातून जाईल. हे मी ह्यांना शब्दाशब्दाने सांगितलं.

९ फेब्रुवारी

सायकल दुरुस्त करून दिली. हे ट्रकची कागदपत्रं काढून बसले.

११ फेब्रुवारी

धाकटे भावजी येऊन गेले. चहा हातात येण्याआधीच सुरुवात.

"वहिनी, हत्ती विकून शेळी घेताय म्हणे."

"शेळी दूध देते, भावजी."

"दादाची रस्त्यावर एक पत आहे."

"पत दुकानात असावी. रस्त्यावर ब्रेक असावेत."

भावजींनी बिस्किटावर राग काढला. ह्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली नाही. माझीही नाही. नुसते तळहात बघत बसले होते. दोघं भाऊ मिळून मला गप्प करतील अशी मी तयारी ठेवली होती. तयारी वाया गेली.

१७ फेब्रुवारी

ट्रक गेला.

रोपवाटिकावाल्याने घेतला. माती, कुंड्या, झाडं – त्याला तो लागतो. माझं म्हणणं तेवढंच होतं: ज्याला लागतो त्याने ठेवावा. वाळू मात्र आमच्याच गळ्यात टाकून गेला. "काकू, माझ्याकडे मातीच रग्गड आहे." हत्ती गेला, शेपूट भिंतीशी पडून आहे.

किल्ली देताना हे ती बराच वेळ बोटांत फिरवत होते. वाईट वाटलं. थोडंच. मग जेवले आणि दुपारी गाढ झोपले – मी, दुपारी! छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय, ते कळलं.

२० फेब्रुवारी

छोटी बंद गाडी आली. बुटकी, पांढरी, समोरून जराशी गोंधळलेली दिसते. रोजच्या सगळ्या वळकट्या मावल्या, वर उशाही. पंपावर ह्यांनी विचारलं, "एवढ्यातच टाकी भरली?" मी खिडकीबाहेर बघितलं. जिंकलेल्या बाईने तोंड बंद ठेवावं. इथे लिहिते – जिंकले.

२३ फेब्रुवारी

डावा आरसा गेला. फाटकाच्या त्याच खांबाला आपटून.

मी तिथेच उभी राहिले. फाटकात ह्या गाडीच्या शेजारून माणूस चालत जाईल एवढी जागा आहे. बॉनेट माझ्या कमरेलाही लागत नाही. उंचीचं कारण संपलं. मग?

हे आत बसून होते, उतरले नाहीत. मी डाव्या खिडकीशी गेले. काच खाली होती. मी काही बोलले नाही. हे समोर बघत होते. मी तिथे आहे हे त्यांना कळलंच नाही. हातभर अंतर!

"अहो," म्हटलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं."

दचकले. मग म्हणाले, "बरं."

वाद नाही, फाटे नाहीत. त्या 'बरं'ची जास्त भीती वाटली.

२४ फेब्रुवारी

काचबिंदू. डाव्या बाजूची नजर बरीच गेली आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून वर्तमानपत्र वाचतात, हिशेब करतात, आणि कुणाला शंका येत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." घर येईपर्यंत मी हे दोनच शब्द घोळवत होते. ती शिवणवाली समोर गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे बघून हात केला. तिला वाटलं असेल, आज काकूंना झालंय काय.

मी ट्रकला धारेवर धरलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. असो. बंब निघाला म्हणून आग सापडली.

ह्यांचं गाडी चालवणं आजपासून बंद. मी चालवणार. कॉलेजात असताना वडिलांची मोटार चालवत होते, परवाना आहे, आणि ही गाडी मला झेपते. त्या ट्रकच्या पायरीवर तरी माझा पाय पोचला असता का? घरी येताना मीच चालवली. हे शेजारी. "गिअर सावकाश टाक." लगेच सुरू!

आज हलकं वाटतंय. रोग सापडून हलकं वाटतं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

२५ फेब्रुवारी

सकाळी थेंब घालताना, मान मागे टाकलेली असतानाच, हे म्हणाले, "मला कळत होतं गं. केव्हापासूनच. डावीकडचं दिसत नव्हतं. ट्रक असला की लोक आपणहून बाजूला होतात."

मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. म्हटलं, जरा वेळ मिटून ठेवा.