डोकं दुखत नाही ना?

१८ नोव्हेंबर
आज जाधवबाईंना गाडीचा रिव्हर्स शिकवायचा होता. त्याऐवजी मीच आडवी. मैदानावर गाडीबाहेर उभी होते म्हणून दोघी वाचलो. डावा हात आपोआप उडायला लागला, पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तर बाई माझ्या नाकाला चप्पल लावून बसलेल्या. म्हटलं, बाई, फिट परवडली, चप्पल काढा!
सॅम एमआयडीसीतून शिफ्ट सोडून धावत आला. माझा नवरा एवढा घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

२० नोव्हेंबर
एमआरआय. मेंदूच्या आवरणाला गाठ, उजवीकडे. काढावीच लागणार. डॉ. म्हणाले, बहुतेक साधी असेल, पण काढून तपासल्याशिवाय कॅन्सर नाही असं सांगणार नाही. तोवर गोळ्या. आणि गाडी चालवायची नाही.
"किती दिवस?"
"मी सांगेपर्यंत."
अर्ध्या सावेडीतल्या बायकांना मी स्टेअरिंग धरायला शिकवलं. आणि आता मीच मागच्या सीटवर? बघू.

२३ नोव्हेंबर
भेटायला येणारा प्रत्येकजण डॉक्टर. मोबाईलनं झालं. भाजीवरच्या फवाऱ्यानं झालं. केसांच्या कलरनं. सॅमची आत्या म्हणाली, "फार विचार करतेस, त्यानं." जाताना दारात हळूच, "कुणाचं मन दुखावलं असशील तर प्रार्थनेत माफी माग."
म्हटलं, आत्या, मन दुखावून गाठ होत असती तर आपल्या चर्चच्या मंडळीत रविवारी एक डोकं शाबूत दिसलं नसतं. सॅम चहाचं निमित्त करून आत पळाला.
पण खरं सांगायचं तर मलाही कारण पाहिजेच आहे. कशानं? मीच का?

२६ नोव्हेंबर
डॉ.ना विचारलंच. मोबाईल? खूप तपासलंय लोकांनी, पक्कं काही सापडलं नाही. फवारा? ठाम सांगता येत नाही. घराण्यात? काही घरांत असतं, तुमच्यात दिसत नाही. बहुतेकांना कारण कळतच नाही म्हणे. "पण एक गोष्ट पक्की माहीत आहे," एवढं बोलून माझी जुनी माहिती परत वाचत बसले. "लहानपणी डोक्याला रेडिएशन दिलेलं ना?"
दिलेलं. सहा वर्षांची होते, रक्ताचा कॅन्सर. तो डोक्यात शिरू नये म्हणून मुंबईला रेडिएशन. आई त्याला शेक म्हणते. वडील नव्हते. चुलते म्हणाले, पोरीच्या जातीला कशाला एवढी यातायात. आईनं कुणाचं ऐकलं नाही. पारनेरहून एकटी मला काखोटीला मारून गेली.
ज्यानं वाचवलं त्यानंच...
आईला हे कळता कामा नये. सॅमला बजावलंय, तोंड उघडलंस तर याद राख.

३० नोव्हेंबर
आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच, "डोकं दुखत न्हाई ना?" लहानपणापासून हेच. फोनवर हॅलोच्या आधी हेच. मी चिडवायचे, अगं, डोक्याखाली धडही आहे, त्याची कधी चौकशी कर.
"कशानं झालं म्हनले डाक्टर?"
"मोबाईलनं." कसं पटकन निघालं तोंडातून! ज्याला हसले तेच.
तिनं माझा मोबाईल उचलला आणि सरळ पिठाच्या डब्यात. नंतर जाधवबाईंचा फोन पिठात वाजत बसला. हसून हसून पुरेवाट. थाप पचली.

७ डिसेंबर
आत्या परत. कुठलासा व्हिडिओ बघून आलेली. आईच्या तोंडावर म्हणाली, "लहानपणी मशीनखाली घातलंत ना, त्यानंच होतं म्हणे हे. तेव्हा देवावर सोडलं असतंत तर..."
मी उठलेच. "सोडलं असतं तर आज कुणाच्या घरचा चहा ढोसला असता?" आत्या कप ठेवून गेली. गेली तर गेली.
आई भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय."
"काय?"
"तवाच सांगितलं हुतं मुंबईच्या डाक्टरनं. पोर वाचंल, पर लई वर्सांनी डोक्यात दुसरं काय निघू शकतं. इचार करून सही करा."
"मग?"
"इचार कसला त्यात? आत्ता मेलेली पायजे का मोठी हून आजारी पडलेली? केली सही."
"मग मोबाईल पिठात का टाकलास?"
"तू माझ्यासाठी खोटं बोललीस. म्हनलं, वाया कशाला जाऊ द्यायचं."
भांडले तिच्याशी. सांगितलं असतंस तर आधी तपासलं असतं! म्हणाली, "ते चुकलंच. पर तू डोकं धरून बसली असतीस. गाडी शिकली असतीस का?"
मग दोघी रडलो. म्हणून तो प्रश्न. इतकी वर्षं, एकटीनं.
शेकाला मात्र मी चूक म्हणणार नाही. कुणाला म्हणूही देणार नाही.

१४ डिसेंबर
जाधवबाईंनी रिव्हर्स घेतला. सॅम शेजारी, मी मागून ओरडतेय, आई माझा हात धरून "येशू, येशू". मैदानाच्या कडेचा दगड थोडक्यात वाचला. पास केलं.
आत्याचा निरोप, प्रार्थना करतेय. कर म्हणावं, पण घरी बसून.

२६ डिसेंबर
ॲडमिट. उद्या ऑपरेशन. केस काढले. आई म्हणाली, "तवा बी अशीच दिसत हुतीस, सोललेल्या नारळावानी."
डॉ. आले. गाठीचा रिपोर्ट वाईट निघाला तर परत रेडिएशन द्यावं लागेल. तयारी आहे ना? मी आईकडे पाहिलं. सवय.
"माझ्याकडं काय बघतीस? माझी सही करून झाली. आता तुझी."
ऑपरेशनची केली. शेकाचं रिपोर्ट आल्यावर. भीती वाटते, लिहायला कसली लाज? पण नाही म्हणेन असं वाटत नाही.
आई पायाशी बसलीय. आज पहिल्यांदा मीच विचारलं, "आई, तुझं डोकं दुखत नाही ना?"
म्हणाली, "लई दुखतं. उद्या तू डोळं उघड, मंग थांबंल."