चिंचेनं घासलेलं नाणं

चंद्रपूर, १० मार्च २०२५

ती. रंभाबाईस,
गुणवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुह्या गावच्या जत्रेहून सुखरूप पोचलो. फोनवर आपण बहीणभाऊ भांडतो, म्हणून पत्र. माही डबी तुह्या देवघरात राह्यली. त्यात तांब्याचं ओबडधोबड नाणं हाय. मेक्सिकोत क्रांती झाली, तव्हा टाकसाळ नव्हती तिथी बंडवाल्यांनी हाती आलं ते तांबं वितळवून अशी नाणी पाडली. कंडक्टर होतो तव्हापासून मी ती जमवून राह्यलो. हे सगळ्यात दुर्मिळ. त्याचा काळा रंग म्हणजेच त्याचं वय. २९ले इथी जुन्या नाण्यांचं प्रदर्शन हाय. त्याले कोणी हात लावू नोका.

लोभ हाये तसाच राहू दे.
तुहा गुणवंत

मार्कंडा, १६ मार्च

चि. गुणवंतास,
रंभाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगून राह्यली, सूनबाई करिष्मा लिहून राह्यली. तुहं पत्र यायच्या आधीच ते नाणं मी देवाच्या भांड्यांसंगं चिंचेनं घासलं. मले वाटलं, कुंकवाच्या करंड्याचं झाकण. आता सोन्यावानी चमकते. करिष्मा म्हणते, मामा रडतील. रागावाचं तर रागाव, पण जेवून घे.

माया कमी करू नोको.
रंभाबाई

चंद्रपूर, २१ मार्च

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, लय राग आला. गेलेला रंग परत येत नाई. मग पत्र पुन्हा वाचलं. बाई, नाण्यावरची एवढी मोठी अक्षरं तुले दिसली नाईत? अन् पत्र दुसऱ्याच्या हातानं काऊन? जत्रेतही माहा खांदा धरून चालली. मले वाटलं, माया हाय.

गडचिरोलीच्या दवाखान्यात विचारून आलो. २८ले तपासणी, मोतीबिंदू निघाला तर २९ले ऑपरेशन. प्रदर्शन त्याच दिवशी हाय, होऊ दे. मी न्यायले येतो. भेव वाटते म्हणून नाई म्हणू नोको.

तुहा गुणवंत

मार्कंडा, २० एप्रिल

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे माह्या हातचं. ओळी वाकड्या गेल्या तर हस.

नाणं उन्हात धरून पाह्यलं. किती बेढब रे! एक अक्षर तर पार कडेवरून खाली पडते. कोणी तरी घाईत, भीत भीत केलं असन. घासल्याचं आता मलेच वाईट वाटते. वैनगंगेचा पल्याडचा काठ दिसते, तांदळातले खडे दिसतात.

एक सांगाचं राह्यलं. पट्टी काढली तव्हा समोर एक म्हातारा बसला होता. हा कोण, म्हणून नर्सबाईले विचारणारच होती, तर तो रडाले लागला, अन् मी ओळखलं. तुहे केस इतके पांढरे कव्हा झाले, गुणवंता? मले सांगाचं नाई का?

आंबे उतरले की ये, तोवर माया जपून ठेव.
तुही रंभाबाई