बारशाला आलेले साहेब

सर, तुम्हाला सर म्हटलेलं आवडायचं नाही. सांता क्लारातली आपली सगळी कंपनी तुम्हाला नावानं हाक मारायची, माझीच जीभ रेटायची नाही. आता तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मराठीत लिहितेय.

तुम्ही घानाहून शिकायला आलात, शिकता शिकता दुसऱ्यांच्या फॅक्टरीत फरशा पुसल्यात, मग भाड्याच्या शेडमध्ये सर्किट बोर्ड जोडायचं स्वतःचं काम काढलंत आणि ऐंशीच्या दशकात त्याची एवढी मोठी कंपनी केलीत, हे मासिकांनी छापलं. सकाळचं मात्र कुणी छापलं नाही. आत आलात की उजव्या हाताच्या पहिल्या बाईपासून डावीकडच्या शेवटच्या बाकापर्यंत तुम्ही प्रत्येकाशी हात मिळवायचात. ती तुमच्या गावची रीत. एकदा बँकेची माणसं वर ताटकळली होती, मॅनेजर घामाघूम होऊन तुमच्या मागे फिरत होता. "मधेच एकाला गाळलं, तर त्याला वाटेल मी त्याच्यावर रागावलोय," एवढंच म्हणालात आणि पुढच्या बाकाकडे वळलात. मी तेव्हा बोर्डांना सोल्डरिंगचे डाग देणाऱ्या बायकांतली एक. माझी नागपूरची बीएस्सी अमेरिकेत कुणी विचारली नव्हती, ती तुम्ही विचारलीत. मला दिवस गेलेले असताना टेस्टिंगची सुपरवायझर केलंत. कुणी कुरकुर केली, तर म्हणालात, "बोर्ड डोळ्यांनी तपासतात, पोटानं नाही."

मुलगी झाली. तुमच्याकडे आठव्या दिवशी नाव ठेवतात, आमच्याकडे बाराव्या, याचं तुम्हाला केवढं अप्रूप. तुम्ही सांगितलंत, घरचं मानाचं माणूस बाळाच्या जिभेला पाण्याचा थेंब लावतं आणि सांगतं, पाणी असेल तेव्हा पाणीच म्हण. म्हणजे लेकरू खोटं बोलत नाही. मग जरा लाजतच विचारलंत, "मी आलो तर चालेल? मी लावू तिला थेंब?" मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

तुम्ही येता. खांद्यावरून घेतलेलं रंगीत वस्त्र, आमचा अपार्टमेंटचा एवढासा हॉल, गावातली झाडून सगळी मराठी मंडळी. तुम्ही सवयीनं उजवीकडून सुरुवात करता. दोघे काका हात मिळवतात. पुढच्या काकू हात पदरात ओढून घेतात. त्यांच्या पलीकडची उठून किचनमध्ये जाते. मागून कुणीतरी म्हणतं, "हा हिचा बॉस? ओ माय गॉड, यार." माझे कान तापतात. तुम्ही मात्र कुणालाही न गाळता शेवटपर्यंत जाता, पाण्याची वाटी मागून घेता आणि पाळण्याकडे येता. मी मधे उभी राहते.

"सर, ती झोपलीय."

ती टक्क डोळे उघडून, मूठ चोखत तुमच्याकडे बघत होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "मग झोपू दे," म्हणालात आणि वाटी हळूच टीव्हीवर ठेवलीत. घुगऱ्यासुद्धा न घेता गेलात.

मी पुन्हा कामावर आले, तेव्हा वाटत होतं, मला आज गाळतील. निदान फिट्टंफाट झाली असती. तुम्ही आलात आणि नेहमीसारखाच घट्ट हात मिळवलात. पुढे मला फ्लोअर दिलात, मग सगळी ऑपरेशन्स. तुमच्या शोकसभेत माझंच भाषण गाजलं. तुम्ही आम्हाला घरच्यासारखे होतात, असं म्हणाले मी. लोकांनी डोळे पुसले, आणि मला स्वतःची शिसारी आली.

हे तुमच्या मुलाला पाठवावं, त्यानं कुणाकडून तरी वाचून घ्यावं, असं मनात होतं. पण पाठवायचं तर पुढचंही लिहायला हवं, आणि ते लिहिल्यावर पाठवायचा धीर राहणार नाही. नवऱ्याला आणि मोठेपणी लेकीला मी एकच सांगत आले, की तुम्ही थेंब लावलेला आजीला चालला नसता. लेक त्यावरून आजीशी कायमची तुटक वागली. सासूबाई तशाच गेल्या. त्यांनी त्या दिवशी विरोधाचा चकार शब्द काढला नव्हता. पाळण्याशेजारी तुमच्यासाठी पाट त्यांनीच मांडला होता. तुम्ही गेल्यावर त्या पाळण्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर जागी आहे. मग झोपलीय कशाला म्हणालीस त्यांना?"

मी म्हटलं, "आत्ताच उठली, आई."