गट नंबर ११८ आणि एक बिनखिळ्याचा जोड

मी, महांतप्पा शिवलिंगप्पा बिराजदार, वय ७१, धंदा चपला शिवणे, राहणार 'आसरा', मुरुम रस्ता, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. बोटे कुष्ठरोगाने तरुणपणीच नेली. पेन चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधले आहे आणि तो पट्टाही मीच शिवलेला आहे. अक्षर वाकडे आहे, डोके नाही. रोग बरा होऊन अडतीस वर्षे झाली, हे मुद्दाम लिहितो, कारण लोक सोयीने विसरतात. आता दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, दिवाळी धरू नका. म्हणून घाई.

१. जागा. गट नंबर ११८ मधील वीस गुंठे सातबाऱ्यावर माझ्या एकट्याच्या नावे आहेत, पण ती जमीन माझी नाही. १९८७ साली पास्टर प्रभुदास साळवे आम्हा घराबाहेर काढलेल्या रोग्यांसाठी जागा शोधत होते. मिशनचे नाव काढले की जमीनवाला पाठ फिरवायचा. लिंगायताच्या घरातल्या बिराजदाराला मात्र लगेच मिळाली. पैसे मिशनचे, नाव माझे. त्या युक्तीवर आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो. पुढे ट्रस्ट नोंदवून नाव बदलायचे होते. आज करू, उद्या करू म्हणता पास्टर करोनात गेले, मिशनची मदत थांबली, आणि ट्रस्ट झालाच नाही. हा गाढवपणा आम्हा दोघांचा, भोगणार मात्र दुसरेच.

मी मेलो की वारस म्हणून पुतण्या उभा राहील. तसे होऊ नये. ही जागा, पत्र्याच्या खोल्या, बोअर आणि चपलांचा कारखाना आज इथे राहणाऱ्या सात जणांना सामाईक देत आहे. नावांची यादी सोबत जोडली आहे. कोणालाही विकता येणार नाही. या सातांना दुसरे दार नाही. जो कोणी न्यायाधीश हे वाचत असेल, त्याच्या मी पाया पडतो, एवढे एक कलम मोडू नका.

२. पुतण्या चन्नबसप्पा शांतलिंग बिराजदार यास काही नाही. माझ्या भावाने, म्हणजे त्याच्या बापाने, मला गोठ्यात ठेवले आणि माझी थाळी बाभळीच्या कुंपणाला टांगली. ते मी माफ केले, तेव्हा सगळेच घाबरत होते. पण भूकंपाच्या साली घरे पडली आणि आमचे पत्रे तेवढे उभे राहिले, तेव्हा अर्धे गाव इथे येऊन राहिले. चन्नबसप्पा सात वर्षांचा होता, गौराबाईच्या मांडीवर बसून भात खायचा. रस्ता रुंद झाल्यापासून त्याला इथे पेट्रोल पंप दिसतो. परवा फाटकात उभा राहून म्हणाला, "काका, कागूद कायबी लिवा. तुमच्या माघारी या लोकांचं त्यांचा येशू बघंल." हे मी माफ केलेले नाही.

३. गौराबाईस कडुनिंबाकडची खोली तिच्या एकटीच्या नावे, ती मरेपर्यंत. तिच्या सासरच्यांनी तिला बाजाराच्या दिवशी मुरुमच्या स्टँडवर बसवले आणि निघून गेले. तीन दिवस ती तिथेच बसून होती. पास्टरांनी आणली. छत्तीस वर्षे ती आम्हाला जेवू घालते आहे, आणि माझ्या तिखटावरून छत्तीस वर्षे भांडते आहे. एका खोलीवर तिचे नाव लागावे, एवढी माझी इच्छा आहे.

४. रापी, आरी, लाकडी साचे आणि शिवणयंत्र कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या बसवराजला. त्याला ताकीद: चपलेला खिळा मारायचा नाही, कितीही घाई असो. आपल्या बधिर पायांना टोचलेले कळत नाही, रक्त दिसल्यावर कळते. शिवण घाल, मऊ रबर लाव.

५. देह. मी ख्रिस्ती झालो नाही. पास्टरांनी कधी विचारले नाही, उलट माझ्या बोटांना जमेना तेव्हा गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा तेच बांधून देत. पुरतात दोन्हीकडे, त्यांच्यात झोपवून, आमच्यात बसवून. बसवून पुरा की झोपवून, मला पास्टरांच्या शेजारी ठेवा. यावरून कोणी भांडू नये.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी.

वकिलांनी बजावले होते की साक्षीदार दोन हवेत आणि ज्याला हिस्सा मिळतो तो साक्षीला चालणार नाही, पुतण्या कोर्टात नेमके तेच धरील. पहिल्या साक्षीदार, तुळजापूरच्या निवृत्त परिचारिका सरोजिनीताई, सकाळपासून आलेल्या आहेत. दुसरा हणमंतप्पा, मुरुमचा चपलांचा दुकानदार, वीस वर्षे आमचा माल घेणारा. त्याचा फोन आला. "अण्णा, मला गावात ऱ्हायचंय. लई वाईट वाटतंय, पन न्हाय जमनार." आणखी चार ठिकाणी फोन केले. त्यांतल्या दोघांनी भूकंपात इथला भात खाल्ला होता. एकही आला नाही. उद्या मला पेन धरवेल की नाही, माहीत नाही. मी रडलो, हे लिहायला लाज नाही.

गौराबाई चुलीपुढून उठून आली. म्हणाली, "माझं नाव खोडा. म्या अंगठा देते."

मी म्हणालो, तुझी खोली जाईल.

"खोली काय उरावर घिऊन जायचीय व्हय? त्या सहांचं छप्पर ऱ्हाऊ द्या. अन् रडू नका, डोळं सुजतेत तुमचं."

म्हणून कलम ३ रद्द. कलम १ मध्ये सात ऐवजी सहा वाचावे, यादीतून गौराबाईचे नाव खोडले आहे. खोडताना रेघ दोनदा मारावी लागली, त्याला बळजबरी समजू नये. तिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. खोली नाही, भांडे नाही, या जागेतली मातीही नाही. सहा जणांनी तिला ठेवून घ्यावे, ही विनंती आहे, हक्क नाही.

तिच्या मापाचा बिनखिळ्याचा एक जोड मी चार महिने शिवत होतो. डावा पाय तीन बोटांचा, उजव्या टाचेला खड्डा. तो मी आत्ता, तिच्या अंगठ्याच्या आधी, खाली बसून माझ्या हाताने तिच्या पायांत घातला. मी जिवंत असताना दिलेली वस्तू आहे. ती या मृत्युपत्रात धरू नये.

ठिकाण: आसरा, मुरुम रस्ता
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

लिहून देणार: महांतप्पा शिवलिंगप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. सरोजिनी अंबादास जोशी, निवृत्त परिचारिका, तुळजापूर (सही)
२. गौराबाई, आडनाव सासरच्यांनी काढून घेतले, राहणार सध्या आसरा, हिस्सा नाही (डाव्या हाताचा अंगठा)