चंद्रशेखर स्केल

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या शोधांच्या तारखा मागाहून जुळवाव्या लागतात, ते नको. माझ्याकडे कंपनी सरकारच्या मुंबई टांकसाळीत हातोड्याने पाडलेले सदतीस तांब्याचे पैसे आहेत. सगळे लहानमोठे. पुस्तकं म्हणतात, हाताने पाडलेत, असणारच. असणारच म्हणजे काय? एकवीस वर्षं इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये गाड्यांचे पार्ट मोजतोय. फरक असेल तर कारण असतंच!

सायंकाळी ७
कॅलिपरने व्यास मोजले. १९.४, २०.१, २०.८, २१.५ मिलिमीटर. प्रत्येक वेळी फरक बरोब्बर ०.७! चार टाइप! टांकसाळीची गुप्त मापपद्धत! (मध्येच कुठेतरी येणारी तेरा नाणी 'झिजलेली' म्हणून बाजूला ठेवली.) खुर्चीवरून उठून नाचलो. रत्ना म्हणाली, अहो, नाचा, पण आधी जेवून घ्या.

५ मार्च, बुधवार
कॉइन क्लबच्या मीटिंगमध्ये १५ तारखेला वीस मिनिटं मिळाली! तिथे पीएचडीवाले बोलतात. मी डिप्लोमावाला; तीन वर्षं मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकतोय. बुलेटिनमध्ये छापून आलं की संपलं, मग सगळे माझ्या नावानेच नाणी ओळखणार. 'चंद्रशेखर स्केल'. मुलगी इला म्हणाली, "बाबा, चंद्रशेखर लिमिट ऑलरेडी आहे. इट्स अबाउट स्टार्स." म्हणजे नाव टेस्टेड आहे.

८ मार्च, शनिवार
खात्रीसाठी पुन्हा मोजलं. सोमवारी टाइप टू नऊ होते, आज बारा. तीन नाणी आपोआप वाढली कशी? उत्तर सापडलं: हीटर. तांबं प्रसरण पावतं. थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर, म्हणजे २० सेल्सिअसवर लॉक केला. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान आहे ते. रत्ना म्हणाली, थंडीनं मी आकुंचन पावतेय, त्याची नोंद कुठे करताय?

११ मार्च, मंगळवार
तिसऱ्यांदा मोजलं. टाइप आता सहा! शोध वाढतोय. स्लाइड्स चौसष्ट झाल्या. वीसवर आणायच्या.

१३ मार्च, गुरुवार
स्लाइड्स एकाहत्तर. भराभर बोलेन. इलानं विचारलं, "व्हॉट इफ समवन आस्क्स अ क्वेश्चन?" प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ८
ब्लेझर घातला. रत्ना म्हणाली, छान दिसताय, सावकाश बोला हं. आज इतिहास!

दुपारी ३.३०
सुरुवात दणदणीत. अकराव्या स्लाइडला पहिल्या रांगेतली मार्जरी, वय ऐंशी, हात वर करून म्हणाली, "हनी, तो टाइप वन जरा आमच्यासमोर मोज ना." मोजला. १९.४! टाळ्या. मग म्हणाली, "आता थोडा फिरवून मोज."
फिरवला. २०.१. आणखी फिरवला. २०.८.
कॅलिपर झीरो केला. पुन्हा २०.८. आणखी थोडा फिरवला तर २१.५. म्हणजे एकाच पैशात चार टाइप. नाणं कुठूनच गोल नव्हतं. मी दर वेळी हाताला येईल तसं धरून मोजत होतो. पार्ट गोलच असतात हो! एकवीस वर्षांत फिरवून बघायची वेळच आली नव्हती.
हसलं कुणी नाही. तेच लागलं. मार्जरीनं कॉफी आणून दिली. उरलेल्या साठ स्लाइड्स दाखवल्या नाहीत. घरी येताना ड्राइव्ह रत्नानं केलं.

१९ मार्च, बुधवार
बुलेटिन आलं. शेवटच्या पानावर एक ओळ: 'चंद्रशेखर यांनी प्रत्यक्ष दाखवून दिलं की हाताने पाडलेली नाणी गोल नसतात.'
दोनदा वाचलं. रत्नालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पण हे तर लोकांना आधीच माहीत होतं ना?
होतं. पण एका दशांश स्थळापर्यंत नव्हतं.